चावी सोडली की इंजिन बंद

चार वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये एका शेतावरच्या कोठारात मला १९६८ ची डॉज डार्ट जीटीएस मिळाली. चेसिस नंबरात पाचव्या जागी 'पी', म्हणजे ३४० घनइंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन मूळचंच. सातव्या जागी 'बी', म्हणजे गाडी हॅमट्रॅमॅकच्या डॉज मेन कारखान्यातली. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आमच्या शेजारचे आजोबा तिथेच कामाला होते, हे माझं भाग्य.

पहिल्याच दिवशी डावीकडचं चाक खोलताना मी जोर लावून एक स्टड, म्हणजे चाकाचा नट बसतो तो बोल्ट, मोडला. आजोबांनी शेजारच्या स्टडच्या टोकावर कोरलेला 'एल' दाखवला. त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्यांना (डॉज त्यांचीच) डाव्या बाजूला उलटे आटे असत, म्हणजे नट उलट्या दिशेने फिरवून सुटायचा.

मग वॉटर पंप. '३४० चा' म्हणून मागवला, बोल्ट व्यवस्थित बसले, पण रेडिएटरच्या खालच्या पाइपाचं तोंड भलत्याच बाजूला. १९७० च्या मॉडेलपासून ती बाजू बदलली होती. योग्य पंप शेवटी जुलैत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलच्या जत्रेत सापडला. जत्राच म्हणायची, मैदानभर जुने सुटे भाग मांडलेले. मी माझा जुना पंप पिशवीत घालून नेला होता आणि दोन्ही शेजारी ठेवूनच पैसे दिले. तेव्हापासून नुसत्या नावावर मी काही घेत नाही.

खरा छळ पुढे होता. स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन छान पेट घ्यायचं, पण चावी सोडली की लगेच बंद. मला पेट्रोलचा संशय आला. पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्टर कंपनीचा कार्बोरेटर खोलून नवीन किट टाकलं, फ्युएल पंप बदलला. तीन शनिवार-रविवार गेले, फरक शून्य.

एका रात्री वायरिंगचा नकाशा पसरून बसलो आणि चूक लक्षात आली. स्टार्टर फिरत असताना कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाला, करंट थेट मिळतो. चावी सोडली की तोच करंट बॅलास्ट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट कमी करणाऱ्या तुकड्यातून जातो, त्यामुळे कॉइल आणि तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळत नाहीत. मग बिघाड त्या दुसऱ्या वाटेवरच हवा! सकाळी फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) तो बोटभर पांढरा चिनीमातीचा तुकडा काढून मल्टिमीटर लावला. जिथे ओहमचा काही अंश दिसायला हवा, तिथे काटा हललाच नाही. उलटा करून पाहिलं तर आतल्या खाचेतली वेटोळ्याची तार तुटून काळी पडलेली.

नवीन रेझिस्टर काही डॉलरांचा. लावला, चावी सोडली, आणि इंजिन घुमतच राहिलं. आजोबा कुंपणाशी येऊन किती तरी वेळ ऐकत उभे होते.

आता ग्लोव्ह बॉक्समध्ये जादा रेझिस्टर कायम असतो. पुढचं काम फायरवॉलमधल्या मोठ्या कनेक्टरचं. ॲमीटरचा (डॅशबोर्डवरच्या करंट मोजणाऱ्या काट्याचा) सगळा करंट त्यातूनच जातो आणि एका पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळू लागलंय.