मोरोचा पाचवा प्रयत्न, आणि खरवड सुटली

सासऱ्यांच्या शुगरसाठी मोरो हलका करायची माझी खटपट चालू आहे. त्यात ब्राऊन राइस वापरून पाहिला त्याचा फज्जा मागच्या नोंदीत सांगितला होता. त्यानंतर मोरो आणखी दोनदा केला. नव्यांसाठी थोडक्यात: मोरो म्हणजे कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या घरांतला, कडधान्य घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात. आमच्याकडे तो ग्वांदुलेसचा, तोही नारळाच्या दुधातला, कारण सासूबाई तिथल्या समाना या किनारी भागातल्या आणि तिकडे नारळ सढळ. ख्रिसमसच्या आदल्या रात्री भाजलेल्या डुकराच्या मांसाशेजारी हा नसला तर जेवण झालंच नाही असं समजतात. ग्वांदुलेस म्हणजे आपली ओली तूर. मी अमरावतीची. पहिल्यांदा ताट पुढे आलं तेव्हा मनात आलं, हा तर सोलेभात, फक्त समुद्राकाठी राहायला गेलेला! तूर मूळची भारतातली, आफ्रिकेमार्गे कॅरिबियनमध्ये पोहोचली, तेव्हा नातं जुनंच.

सासऱ्यांची शुगर वाढल्यापासून हा उद्योग चालू आहे. सासूबाईंचं मूळ माप असं: चार कप तांदूळ, ग्वांदुलेसचा एक डबा, नारळाच्या दुधाचा एक डबा, अर्धा कप तेल, स्टॉकच्या दोन वड्या. म्हणजे भात भरपूर आणि तूर चवीपुरती.

चौथ्या वेळी प्रमाणच फिरवलं. तांदूळ तीन कप, पांढराच, आणि तूर अडीच कप. डब्याऐवजी न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानातून ‘तुवेर लिलवा’ची फ्रोझन पाकिटं आणली. दाणे तेच, पण खारं पाणी नाही. (डबाच वापरायचा असेल तर दाणे दोनदा धुऊन घ्या, बरंच मीठ निघून जातं.) नारळाचं दूध अर्धाच डबा, बाकी पाणी. ‘लाइट’ दूध घेऊ नका, आपण फुकट घालू शकतो तेच पाणी त्यात घालून विकतात.

स्टॉकच्या खारट वड्या पूर्ण बंद. त्यांची उणीव सोफ्रितोने, म्हणजे सुरुवातीला तेलात परतायच्या मसाल्याने भरायची: लसूण दुप्पट, कांदा, कुबानेला मिरची, ओरेगानो आणि मूठभर सिलांत्रो आंचो. ही लांब, करवती पानांची कोथिंबीर वासाला आपल्या कोथिंबिरीपेक्षा चढी असते. टोमॅटो पेस्ट मात्र गडद होईपर्यंत परतायची, घाई केली तर कच्चट लागते.

चव जमली, तरी जेवणावर विरजण पडलं, कारण कोंकोन नव्हता. कोंकोन म्हणजे काल्देरोच्या, म्हणजे मोरो शिजवायच्या जाड भांड्याच्या, बुडाशी धरलेली कुरकुरीत खरवड. आमच्या घरी तिच्यावरून मोठी माणसं भांडतात. मी तेल दोन चमच्यांवर आणलं होतं, त्यामुळे बुडाशी नुसता ओला गिचका चिकटला. सासूबाईंनी डाव आपटून पाहिला, काही बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं.

आठवडाभर विचार केल्यावर चूक सापडली. सगळं तेल मी सुरुवातीला सोफ्रितोत घालत होते, ते भात पिऊन टाकत होता. खरवडीला तेल हवं शेवटी, आणि तेही बुडाशीच. पाचव्या वेळी एक मोठा चमचा सोफ्रितोला वापरला. पाणी आटून भाताच्या अंगावर भोकं दिसू लागली की झाकण ठेवून मंद आच, वीस मिनिटं. मग एकदा खालवर करून दोन मोठे चमचे तेल थेंबथेंब काल्देरोच्या कडेने सोडलं, ते थेट खाली उतरलं. झाकण पुन्हा ठेवलं आणि दहा मिनिटं हात लावला नाही. बुडातून बारीक चरचर ऐकू आली की समजावं. काल्देरो जाड ओतीव अॅल्युमिनियमचा असतो, म्हणून जळत नाही. पातळ पातेल्यात हे करू नका.

अर्धा कप म्हणजे आठ मोठे चमचे. त्याचे तीन झाले, आणि खरवड पोळीसारखी अखंड सुटली. सासूबाईंनी तिचा मोठा तुकडा आधी स्वतःच्या ताटात घेतला.

एक कबुली: सासरे दुसऱ्यांदा वाढून घेतात, मग माझं प्रमाण कुठल्या कुठे जातं. म्हणून आता भात वाटीने मोजून, आणि शेजारी कोबी-टोमॅटोची कोशिंबीर आधी.

राहिले ऑलिव्ह. सासूबाई मूठभर घालतात, बरणीतल्या खाऱ्या पाण्यासकट. पुढच्या रविवारी ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवून बघते. आणि हो, त्यांना आत्ताच सांगणार नाही.