दुपटं, डिसर्टेशन आणि आठ पदरी सूत: नोव्हेंबरची नोंद

दिवाळीच्या सुट्टीत जमलं तेवढं विणलं, आता सत्र परीक्षा तोंडावर आली आहे, म्हणून एकदाची नोंद करून ठेवते. सध्या सुयांवर दोन कामं आहेत: नणंदेच्या बाळासाठी दुपटं आणि सासऱ्यांचे मोजे. नणंद बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली आहे. तारीख जानेवारीतली, आमच्या सोलापूरच्या ऐन गड्डा यात्रेच्या दिवसांतली. बारशाला दुपटं तयार हवं. माझं एम.ए. अर्थशास्त्राचं दुसरं वर्ष चालू आहे आणि डिसर्टेशनचा विषय टॉवेलचे यंत्रमाग. मुलगा चौथीत. वेळ कुठून काढतेस, असं बऱ्याच जणी विचारतात, तर या वेळची नोंद त्यावरच.

वेळ निघत नाही, हे आधी सांगून टाकते. मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी. केगावला विद्यापीठात जाताना बसमधला, कुकरच्या शिट्ट्यांमधला, मुलाचे पाढे ऐकतानाचा. अशा तुकड्यात बसेल तेच काम हातात घ्यायचं, हा माझा या वर्षीचा एकमेव नियम. काम अर्ध्या ओळीत सोडता आलं पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी उचलल्यावर आपण कुठे होतो ते सुईकडे बघूनच कळलं पाहिजे. जाळीची वीण मला फार आवडते, पण तिच्यात टाके मोजत बसावं लागतं. मधेच कोणी हाक मारली की सगळी ओळ पुन्हा मोजा. म्हणून जाळी परीक्षा संपेपर्यंत बंद.

दुपट्यासाठी कोपऱ्यातून सुरू होणारे चौकोन घेतले आहेत. ज्यांनी केले नसतील त्यांच्यासाठी कृती सांगते. तीन टाके घालायचे. प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, दुसऱ्या टाक्यात पुढून आणि मागून असं दोनदा विणून एक टाका वाढवायचा, बाकी सगळे सुलट. उलट टाका कुठेच नाही. कडेची लांबी 15 सेंमी झाली की वाढवणं थांबवायचं आणि प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, पुढे दोनाचा एक, बाकी सुलट असं कमी करत परत तीन टाक्यांवर यायचं. सुईवर धागा घेऊनही टाका वाढवता येतो, पण त्याने कडेला भोकं पडतात आणि तान्ह्या बाळाची बोटं त्यात अडकतात. बाळाच्या कामाला बंद वाढच बरी.

हे चौकोन काटकोनातच का येतात, ते मला फार सुंदर वाटतं. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीइतकी भरते. ओळीला एक टाका वाढतो, म्हणजे रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट वाढत जाते आणि टोकाशी आपोआप काटकोन होतो. मोजपट्टीशिवाय दुसरं काही लागत नाही. आधी नमुन्याचा तुकडा विणून टाके मोजायची गरज नाही, कारण आपण टाक्यांवर थांबतच नाही, सेंटीमीटरवर थांबतो.

याचा खरा फायदा घरात झाला. सासूबाईंचा हात घट्ट, माझा सैल. एकाच स्वेटरवर दोघींनी विणलं तर कुठे कोणी विणलं ते लांबून ओळखू येतं. चौकोनात तसं होत नाही. माझी कड 42 टाक्यांवर 15 सेंमी होते, त्यांना 47-48 लागतात, पण आकार एकच. त्यांचे चौकोन जरा दाट, माझे मऊ, आणि आडवेतिडवे मांडले की उलट शोभाच येते. 20 चौकोन लागणार, चार बाय पाच, म्हणजे 60 बाय 75 सेंमी. मी माझ्या टिपणांत डोकं घालून बसले की त्या दुपारी टीव्हीसमोर एखादा चौकोन संपवतात. परवा म्हणाल्या, "अगं, तू तुझं लिही. चौकोन काय, माझा होतोच की." घरातल्या माणसाला काम वाटून देता येईल अशी वीण निवडणं, हे मी वेळ वाचवण्याच्या सगळ्या युक्त्यांच्या वर ठेवेन.

आता सुताबद्दल. सोलापुरात थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काय ती. फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागतं, एप्रिल-मे चाळिशीच्या पुढे. ॲक्रिलिकच्या दुपट्यात बाळ घामाघूम होणार. म्हणून सुती. विणकामाचं तयार सुती सूत महाग पडतं आणि रंगही ठरावीक मिळतात. पण आपण ज्या गावात राहतो तिथे सुताला काय तोटा? डिसर्टेशनसाठी शहराच्या पूर्व भागात मागांवर जाणं होतंच. तिथल्या एका कारखानदार अण्णांनी सूत विकणाऱ्या दुकानाचा रस्ता दाखवला आणि 2/20 काउंटचे (म्हणजे धाग्याच्या जाडीचा आकडा) कोन, म्हणजे शंकूवर गुंडाळलेलं सूत, किलोवर मिळाले.

ज्यांना काउंटचं गणित नवीन आहे त्यांच्यासाठी: सुती धाग्याच्या काउंटचा आकडा म्हणजे एका पौंडात 840 यार्डांच्या किती लडी बसतात तो. आकडा मोठा तितका धागा बारीक. 20 काउंटचा एकेरी धागा एका ग्रॅममध्ये सुमारे 34 मीटर भरतो. 2/20 म्हणजे असे दोन धागे एकत्र पिळलेले, त्यामुळे ग्रॅमला सुमारे 17 मीटर. असे आठ पदर एकत्र घेतले की ग्रॅमला साधारण 2.1 मीटर, म्हणजे 50 ग्रॅमला 105 मीटरच्या आसपास. दुकानात डीके (मध्यम जाडीचं) म्हणून मिळणारं सुती सूत याच जाडीचं असतं. 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिमीच्या सुयांवर छान बसतं.

आठ कोन आठ डब्यांत ठेवून सगळे पदर एकत्र गुंडाळायचे आणि गुंडाळतानाच थोडा पीळ द्यायचा. पीळ नसेल तर सुईचं टोक पदरांच्या मधे घुसतं आणि एखादा पदर मागे राहतो. त्यासाठी टोकदार सुईपेक्षा जरा बोथट टोकाची सुई चांगली. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत मिळालं तर त्यावर खळ असते, ती काढल्याशिवाय विणू नका, हाताला टोचतं. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सुताला खळ नसते. तरीही मी लडी करून गरम पाण्यातून काढल्या, कारण सुती माल पहिल्या धुण्यात आकसतो. लडीच आकसून घेतल्या की चौकोन नंतर दगा देत नाही. गडद रंगाची लडी पांढऱ्या फडक्याबरोबर भिजवून रंग जातो का ते बघायचं. आम्ही मोतिया, हळदी आणि फिकट निळा घेतला आहे.

टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ ताणलेला, पायाच्या विणीचा. दुसरा सैल सोडलेला, त्याच्यातून वरचे फासे उभे राहतात. मागाशेजारी उभं राहून ते बघताना डोक्यात सारखं हेच चाललेलं असतं की कापडाचा मऊपणा ताण किती ठेवायचा यावरच ठरतो. माझा अभ्यास मजुरीच्या दरांवर आहे, विणीवर नाही. पण मला विणता येतं हे कळल्यावर कारखान्यातल्या बायका वेगळ्याच मोकळेपणाने बोलल्या, पिशवीतला चौकोन काढून हातात घेऊन बघितला, कड कशी वाढवली ते विचारलं. प्रश्नावलीतून जे मिळालं नसतं ते त्या बोलण्यातून मिळालं.

मोज्यांचं काम मात्र वेगळं आहे. लोकर-नायलॉनचं सूत बाहेरून मागवलंय, 13 नंबरच्या सुया, 64 टाके. पायाच्या वरची नळी निवांत होते, ती बसमध्येच झाली. टाच वळवताना 32 टाक्यांवर लहान-लहान ओळी पुढे-मागे विणाव्या लागतात आणि तिथे डोकं जाग्यावर लागतं. दिवसभर संदर्भ वाचून थकल्यावर टाचेला बसायचं नाही, हे मी पक्कं ठरवलंय. टाचेच्या आधी सगळ्या टाक्यांतून एक रंगीत दोरा ओवून ठेवला आहे. उसवायची वेळ आली तर तिथवरच उसवेल. दुसऱ्या मोज्याची नळीही विणायला घेतली आहे, म्हणजे बसमध्ये हाताला काम राहील आणि दोन्ही टाचा एकदम करता येतील.

अभ्यास आणि विणकाम एकत्र होतं का? पाठांतर आणि ऐकलेली मुलाखत पुन्हा ऐकणं होतं, लिहिणं अजिबात नाही. धागा डाव्या हातात धरायला शिकल्यापासून सुलट ओळी न बघता होतात आणि डोळे पुस्तकात राहतात. उजव्या हाताने धागा फेकणाऱ्यांनी निदान सुलट टाक्यापुरतं हे करून बघावं. सुरुवातीला हात अवघडतो, मग बसतो.

आजवर दोघींचे मिळून 13 चौकोन झाले. परीक्षा होईपर्यंत उरलेले सासूबाई करतील, मी फक्त बसमधली नळी. मग जोडणी आणि कड. जोडणी क्रोशाने केली तर कणा उभा राहतो आणि बाळाला टोचेल की काय अशी शंका आहे, म्हणून सुईदोऱ्याने कडेचे टाके समोरासमोर घेऊन सपाट शिवण्याचा विचार आहे. सुती चौकोनांवर कोणी ही शिवण घातली असेल तर सूत एकपदरी घेतलं की आठही पदर, तेवढं कळवा.