हळद्याची मुळी

चंपाषष्ठी

चातुर्मासात सोडलेलं वांगं आज ताटात परत आलं. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, तळी उचलली, आणि मग खंडोबाचा कुत्रा म्हणून हळद्याचं पान मांडलं. बारा वर्षं हाच क्रम. अलीकडे मी त्याला फक्त रोडगा देते, तुपात चुरून. भरतात पातीचा कांदा असतो, लसूण असतो. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे कळल्यापासून हात धजत नाही. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "देवाच्या कुत्र्याला कधी कांदा बाधलाय का?"

आज तो पानापर्यंत आलाच नाही. उठायला गेला, मागचे दोन्ही पाय शहाबादी फरशीवर फाकले आणि तो तसाच बसला. पान उचलून त्याच्यापाशी नेलं. रोडगा खाल्ला, पण बसूनच.

(जेजुरीच्या पायऱ्यांवर सापडला तेव्हा भंडाऱ्याने इतका पिवळा होता की नाव घरी येईपर्यंत पडलंसुद्धा. आंघोळ घातली तर पांढरा निघाला. मग कोण नाव बदलणार!)

सोमवार

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पुण्याहून एक्स-रे काढून आणायला सांगितला होता. खुब्याचे सांधे झिजलेत. वजन चोवीस किलो, ते तीन किलो तरी उतरायला हवं. वजनाच्या हिशोबाने मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं पातळ औषध, तेही पोटात अन्न असतानाच. फरशीवर काहीतरी अंथरा म्हणाले. रक्ताची तपासणी केली. यकृत, मूत्रपिंड ठीक आहेत.

शेजारच्या काकांनी प्रेमाने आयबुप्रोफेनची पट्टी पुढे केली होती. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या पोटात व्रण करते आणि मूत्रपिंडं निकामी करू शकते. काकांना एवढंच सांगितलं की डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय.

संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आस्कंद दे त्याला. बाळंतपणात तुला दिला होता, विसरलीस?"

आस्कंद म्हणजे अश्वगंधा. ओल्या मुळीला घोड्याचा वास येतो म्हणून हे नाव. खंडोबा घोड्यावर, पायाशी कुत्रा, आणि कुत्र्याच्या औषधाला घोड्याचा वास. सासूबाईंना ही योजना वरूनच आल्यासारखी वाटत होती. मी मनात म्हटलं, हे झाडही वांग्याच्याच कुळातलं, म्हणजे चंपाषष्ठीला अगदी धरून. बोलले नाही. एकदा त्यांना मुद्दा मिळाला की त्या आठवडाभर सोडत नाहीत.

गुरुवार

डॉक्टरांना फोन केला. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. फिटची औषधं चालू आहेत का, थायरॉईडचा त्रास आहे का, कशाची गुंगी येते का, एवढं विचारलं. कशाचंच नाही म्हटल्यावर म्हणाले, "चिमटीपासून सुरू करा, आणि माझं औषध बंद करून नाही." ही मुळी सुस्ती आणू शकते, थायरॉईडचं प्रमाण वाढवू शकते, आणि गाभण कुत्रीला तर द्यायचीच नाही. बाटलीतलं अश्वगंधारिष्ट नको, कारण अरिष्ट आंबवलेलं असतं आणि त्यात मद्यार्क असतो. हल्ली मिळतात त्या गोळ्या-चॉकलेटांसारख्या गोड वड्याही नकोत. त्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम खाली येते.

विहिरीच्या बांधावर आपोआप उगवलेलं झुडूप आहे, कागदी आवरणातली लाल फळं धरलेलं. कुदळ घेऊन गेले होते. मुळं निघाली बारीक, चिवट, लाकडी. दुकानात मिळणारी शेतातली, बरीचशी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडची. ती पेन्सिलीएवढी जाड, बाहेरून भुरी, आत पांढरीफटक, पिठूळ. मोडली की कट्कन तुटते. पुण्याला मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून शंभर ग्रॅम आणली. चूर्ण आयतं मिळत होतं, पण त्यात कशाचं पीठ आहे हे डोळ्यांना दिसत नाही. मुळी दिसते.

खलबत्त्यात कुटायला तासभर गेला. वस्त्रगाळ केली. सगळ्या स्वयंपाकघराला तबेल्याचा वास.

शनिवार

चूक माझी. क्षीरपाक करायला गेले. एक भाग मुळी, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी; पाणी आटून दूध उरेस्तोवर उकळायचं. अगदी शास्त्राप्रमाणे. हळद्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला आणि रात्रभरात अंगण तीनदा धुवायला लावलं. बहुतेक मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. हे मला माहीत होतं, तरी पुस्तकातलं माप दिसल्यावर कुत्रा डोळ्याआड झाला.

आजपासून चिमूटभर चूर्ण तुपात कालवून, बिनमिठाच्या भातात. वरच्या भाताला नाक मुरडलं, तुपाचा गोळा मात्र गिळला. कडू आहे बिचाऱ्याला. मीही चाखून पाहिलं.

वहीत रोज सकाळी एक आकडा लिहायचा ठरवलंय. "चल" म्हटल्यापासून चारी पायांवर उभा राहीपर्यंत मी मनात किती मोजते, तो. आजचा आकडा एकतीस.

संक्रांत

एकोणीस.

तिळगूळ वाटताना मी हा आकडा सगळ्यांना सांगत सुटले. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. कॉलनीतल्या दोघींनी आस्कंदाची चौकशीसुद्धा केली. मग संध्याकाळी मुलाचा बंगलोरहून फोन आला, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "आई, डॉक्टरांचं औषध त्याच आठवड्यात सुरू केलंस ना? गोणपाटं अंथरलीस, त्याची रात्रीची भाकरी बंद केलीस. मग हे मुळीमुळे झालं हे कशावरून?"

रागच आला. महिनाभर वही मी लिहिली आणि ती वाचली त्याने. पण राग यायचं कारण, तो म्हणत होता ते मलाही मधूनमधून टोचत होतं.

महाशिवरात्र

म्हणून पंधरा दिवस मुळी बंद ठेवली, बाकी सगळं जसंच्या तसं. आकडे: अठरा, सतरा, एकोणीस, अठरा. म्हणजे पायांना मुळीचं काही नसावं. त्यांचं श्रेय औषधाचं, उतरलेल्या दोन किलोंचं आणि गोणपाटाचं.

पण रात्रीचं वेगळं आहे. वय झाल्यापासून तो दोनच्या सुमाराला उठून दारापाशी कण्हायचा, उगाच येरझाऱ्या घालायचा. डिसेंबरपासून ते थांबलं होतं. वहीत लिहिलंच नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष पायांवर. मुळी बंद केल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा कण्हणं सुरू. आता बोल म्हणावं मुलाला! तेवढ्यात आठवलं, त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत लग्न होतं आणि रात्री अकरापर्यंत डीजे. डीजेने तर मीही येरझाऱ्या घालत होते.

परत सुरू केली आहे. डॉक्टरांना सांगून, आधीच्याच मापाने. वहीत आता दोन रकाने आहेत, पाय आणि रात्र.

होळीच्या आदल्या दिवशी

सोळा. रात्र शांत.

चूर्णाची बरणी मात्र तळाला गेली, आणि हे कसं ते कळेना. चिमटीचा हिशोब केला तर अजून महिनाभर पुरायला हवं होतं. उंदीर म्हणावा तर झाकण घट्ट. आज पहाटे लवकर जाग आली, स्वयंपाकघरात दिवा दिसला. सासूबाई गॅसपाशी उभ्या, पातेल्यात दूध, हातात हळद्याची बरणी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"संक्रांतीपासून. त्याचे गुडघे सुधारले, माझ्यांनी काय पाप केलंय?"

त्यांना खुबा आणि गुडघा यांतला फरक समजावत बसले नाही. ओट्यावर त्यांच्या रोजच्या गोळ्यांची डबी उघडी होती. पहिल्या खणातली थायरॉईडची गोळी त्यांनी नुकतीच, उपाशीपोटी, घेतलेली. कुत्र्यासाठी मी डॉक्टरांना विचारलेला प्रश्न माझ्या घशातच अडकला. बरणी हातातून काढून घेतली. त्या रागावून बाहेर गोणपाटावर, हळद्याच्या शेजारी, जाऊन बसल्या.

आता नऊ वाजता दवाखाना उघडतो, या वेळी माणसांचा. त्यांना न्यायचंय. उठवायला गेले तर दोघंही हलायला तयार नाहीत. मी मोजायला सुरुवात केली आहे.