तुम्ही विचारलंत म्हणून: बोअर मारू की नवा ब्लॉक टाकू?

दारात जुनी यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल दिसली की कुणीतरी हे विचारतंच: खराब झालेला ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, आतून किंचित मोठा कापून घ्यायचा (बोअर मारायचा) की नवाच टाकायचा? माझं म्हणणं एवढंच, की ओरिजनल ब्लॉक भंगारात देऊ नका.

वडिलांची १९९१ ची गाडी आंबा घाट चढताना सीझ झाली, म्हणजे पिस्टन आतच अडकला. मागचं चाक एकदम लॉक. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. ऑइल पंपाची नळी निसटली होती. ब्लॉक उतरवला, तर एक्झॉस्टच्या बाजूला उभे चंदेरी ओरखडे. मेकॅनिक म्हणाला, "संपला हा. किट टाका नवीन." मी नखानं चाचपून बघितलं. बरेचसे ओरखडे नव्हतेच ते, पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून लायनरला, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या लोखंडी नळीला, चिकटलं होतं. दोन मात्र नखाला लागत होते. म्हणजे बोअर आलाच.

या गाडीचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, ५० मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, तीही ५०. म्हणून नावात शंभर असले तरी इंजिन ९८ सीसीचं. ओव्हरसाइज पिस्टन पाव-पाव मिमीनं वाढत एक मिमीपर्यंत मिळतात. शेवटच्या बोअरला ती १०२ सीसी होते, तेव्हा कुठे नावाला जागते!

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं ब्लॉककडे बघितलंसुद्धा नाही. "पिस्टन कुठाय?" आधी पिस्टन घ्यायचा, तो मापायचा, मग त्याच्या मापानं बोअर. खोक्यावर 'पॉइंट पन्नास' (अर्धा मिमी मोठा) छापलंय म्हणून आधीच बोअर मारून ठेवला की फसलात. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट केसाच्या निम्म्या जाडीएवढी असते.

होनिंग, म्हणजे आतून शेवटची घासाई, करून ब्लॉक हातात आला, तेव्हा पोर्टच्या, म्हणजे आतल्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडांवरून बोट फिरवलं. सुरीसारख्या! टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या रिंगा या खिडक्यांवरूनच वरखाली जातात. कडा मारली नाही, म्हणजे धार घासून काढली नाही, तर रिंग अडकून तुटते आणि केलेला सगळा खर्च पाण्यात. त्याला सांगितल्यावर कुरकुरत मारून दिल्या.

एक मिमीही संपला तर नवा लायनर बसवता येतो. फक्त खिडक्या जुन्याशी तंतोतंत जुळायला हव्यात, नाहीतर ओढ गेलीच. ब्लॉकच तडकला असेल तर मात्र नवा घ्या, मी अडवणार नाही.

नंतर रनिंग-इन, म्हणजे नवा पिस्टन रुळेपर्यंत गाडी हळू चालवणं. पहिले पाचशे किलोमीटर वडील मागे बसायचे. काटा पन्नासच्या वर गेला की पाठीत बोट.