टिटलिसवर स्नोबोर्ड: उताराला नाही, सपाटीला घाबरा

मागच्या फेब्रुवारीत आम्ही तिघं झुरिकहून टिटलिसच्या पायथ्याच्या एंगेलबर्गला दिवसभरासाठी स्नोबोर्डिंगला गेलो होतो, त्यातला एक माझा मावसभाऊ, पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आलेला, बर्फ फक्त फ्रीजरमध्ये बघितलेला. टूरवाल्यांच्या कृपेने टिटलिस आपल्या सगळ्यांना माहीत असतं, फिरत्या केबलकारने 3,020 मीटरवर जायचं, फोटो काढायचे, खाली यायचं. बोर्ड घेऊन गेलात तर गणित पार बदलतं, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे वारा. आमचं शनिवारचं ठरलेलं पण अंदाजात फॉन दिसत होता, म्हणजे दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा गरम कोरडा वारा. तो सुटला की वरच्या लिफ्ट बंद होतात, मग ऊन कितीही छान पडलेलं असो. आम्ही रजा टाकून मंगळवारी गेलो. लिफ्टचं तिकीट आदल्या रात्री अंदाज आणि वेबकॅम दोन्ही बघून काढलं, आठवडाभर आधी काढून ठेवलं असतं तर शनिवारी नुसते डोंगर बघत बसलो असतो.

जायचं ट्रेननेच. लुझर्नला गाडी बदलली की 43 मिनिटांत एंगेलबर्ग, शेवटच्या चढावर दातेरी रूळ आणि लांबलचक बोगदा आहे (हा 2010 मध्ये झाला). हाफ-फेअर कार्ड असेल तर खिशाला बरं पडतं. नवाच्या आत खालच्या स्टेशनवर पोचा, नंतर गोंडोलाची (डोंगरावर नेणाऱ्या बंद डब्यांच्या रोपवेची) रांग वाढतच जाते.

बोर्ड-बूट भाड्याने घेताना घाई करू नका. मावसभावाला दुकानात एक साइज मोठे बूट दिले, त्यालाही वाटलं मऊ आहेत, मस्त! टाच आत उचलली जात होती, त्यामुळे बोर्डाची कड धरायचीच नाही, अर्धा तास वाया आणि शेवटी परत जाऊन बदलले. बूट आवळल्यावर गुडघे वाकवून बघा, टाच हलता कामा नये. मोजे एकच जोडी, दोन घातले की उलट पाय गारठतात. डावा पाय पुढे की उजवा, हेही दुकानातच ठरवून बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवणारे पट्टे) तसं लावून घ्या.

आता सपाटीचं. ट्रुबसे म्हणजे 1,800 मीटरच्या आसपासचं गोठलेलं तळं, त्याच्या एका बाजूला टिटलिसकडचे उतार आणि दुसऱ्या बाजूला योखपास ही खिंड. मधला भाग सपाट. स्कीवाले काठ्या मारत निघून जातात आणि आपण एक पाय बाइंडिंगमधून काढून लहान मुलाच्या स्कूटरसारखं ढकलत बसतो, घामाघूम. तिथे हॉपर नावाची चेअरलिफ्ट आहे, ती या टोकाहून त्या टोकाला नेऊन सोडते, ती घ्या. मी मागच्या खेपेला "एवढंसं तर आहे" म्हणत चालत गेलो होतो, पोटऱ्या दोन दिवस बोलत होत्या. उतार संपताना थोडी सपाटी दिसली की ब्रेक मारू नका, वेग तसाच ठेवून बोर्ड सरळ जाऊ द्या, फक्त पुढे माणसं नाहीत ना बघा.

नवख्याने सकाळ खालच्या गेर्शनिआल्पवरच घालवावी. आम्ही मावसभावाला तिथे इन्स्ट्रक्टरकडे सोपवला आणि दोघं योखपासला गेलो, कारण मित्राने शिकवायचं म्हटलं की दोन तासांत भांडण ठरलेलं. दोरीला धरून ओढणाऱ्या लिफ्ट बोर्डवाल्याला जड जातात, कारण आडवं उभं राहून ओढलं जायचं, सुरुवातीला चारदा तरी पडाल. पडताना हात पसरू नका, मूठ मिटा, मनगटं पहिल्यांदा मोडतात. मनगटाचे गार्ड आणि बुडाला पॅडवाली चड्डी, या दोन गोष्टींवर पैसे घाला, हेल्मेट तर आहेच.

दुपारी तो ट्रुबसेला वर आला, पण त्याहून पुढे, स्टँड नावाच्या वरच्या स्टेशनला, त्याला नेला नाही. तिथून खाली येणारा उतार तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या माणसाचाही नाही. पाट्यांचे रंग लक्षात ठेवा, निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. पिवळी खूण असलेला मार्ग हिमस्खलनापासून सुरक्षित केलेला असतो पण बर्फ दाबून सारखा केलेला नसतो आणि संध्याकाळी कुणी मागे राहिलं का बघायलाही येत नाही. त्याच्याही पलीकडे लाउबसारखे हजार मीटरहून जास्त खाली जाणारे मोकळे उतार वरून फार मोहात पाडतात. बीकन (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायला सिग्नल देणारं यंत्र), फावडं, शोधकाठी आणि ते वापरता येणारा जोडीदार नसेल तर तिकडे फिरकू नका, आणि वर हिमनदी आहे, बर्फाखाली भेगा असतात. दावोसच्या बर्फ आणि हिमस्खलन संशोधन संस्थेचं हिमस्खलनाचं बुलेटिन रोज निघतं, 5 पैकी 3 म्हणजे "मधलं" वाटतं पण ते चांगलंच धोक्याचं आहे. हेलिकॉप्टर मदतीचा नंबर 1414, फोनमध्ये टाकून ठेवा, आणि फोन अंगाजवळ, थंडीत बॅटरी झपाझप उतरते.

साडेतीनला थांबलो. गावापर्यंत बोर्डवरून उतरता येतं, पण तोवर पाय शिजलेले असतात आणि खालचा बर्फ कधी चिखल तर कधी काच, म्हणून तिघंही मुकाट गोंडोलाने आलो.

हो, जेवण. वरच्या रेस्टॉरंटचे दर बघून पोटातली भूकच मरते, आम्ही पोळी-भाजीचे रोल नेलेले. ते बॅगेत ठेवू नका, माझे दगड झाले होते. मावसभावाने जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवलेले, त्याचे गरम नाही पण मऊ तरी होते, आणि त्याने एकही दिला नाही.