तुम्ही विचारलेत म्हणून: शेजारचे उघडे वाय-फाय

इमारतींमध्ये इंटरनेटची जोडणी करून देणे हे माझे काम असल्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: शेजाऱ्यांच्या वाय-फायला पासवर्डच नाही, तर ते वापरले म्हणून बिघडले कुठे? विचारल्याशिवाय वापरू नये, असेच मी सांगतो, आणि त्याचे कारण त्यांचा डेटा संपतो एवढेच नाही.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी काढलेला त्याचा माग नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथल्या रहिवाशाने तो पाठवलेला नव्हता. त्याचे उघडे वाय-फाय दुसऱ्याच कोणी वापरले होते, तरी चौकशीला सामोरे त्यालाच जावे लागले. राउटरमागे दहा मोबाइल असले तरी बाहेर सहसा एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर त्या जोडणीची ओळख सांगणारा क्रमांक, दिसतो आणि तो बिल भरणाऱ्याच्या नावावर असतो. आपण नुसती क्रिकेटची मॅच पाहिली तरी ती त्यांच्या नावावर पाहिलेली असते.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमध्ये शिरण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे. कुलूप होते की नव्हते, हे ते कलम विचारत नाही. मला मात्र कायद्यापेक्षा शेजारधर्म महत्त्वाचा वाटतो. विरजण आपण शेजारून हक्काने मागून आणतो, पण शेजारीण घरी नसताना तिच्या फ्रिजमधून काढून आणत नाही. मोबाइल आपोआप जोडला गेला, यात आपला दोष नाही; ते लक्षात आल्यावरही गप्प राहिलो, तर आहे.

भाचीच्या प्रवेशअर्जाच्या शेवटच्या रात्री आमचे इंटरनेट बंद पडले. वरच्या मजल्यावरच्या काकांचे वाय-फाय उघडे दिसत होते. रात्रीचे अकरा वाजले होते, तरी आम्ही वर जाऊन बेल वाजवली. आपले वाय-फाय सगळ्यांना खुले आहे, हे काकांना ठाऊकच नव्हते. मी तिथेच बसून पासवर्ड घालून दिला. काकांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला, मग चष्मा सावरत तोच एका चिठ्ठीवर उतरवून भाचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी तुझा अर्ज भरून घे, बाळ."