केग गार, पण रस्ता गरम

ह्यूस्टनमध्ये घरगुती बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात मी काम करतो. जुलैतल्या एका शनिवारी दुपारी चारला गिऱ्हाइकाचा फोन: "अहो, नुसता फेस येतोय! सातला पाहुणे येणार."

पोचलो तर पार्टीच्या हॉलच्या मागे १९ लिटरचा केग, म्हणजे बिअरचं धातूचं पिंप, उन्हात उभा होता. ग्लासात दोन बोटं बिअर, बाकी फेस. गॅस भरण्यात काही चुकलं नव्हतं. आठवडाभर फ्रिजमध्ये ४ अंशांना, १२ पीएसआयवर (पीएसआय हे गॅसचा दाब मोजायचं एकक) ठेवलेला. म्हणजे बिअरच्या साधारण अडीचपट आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तिच्यात विरघळलेला. पण दीड तास डिकीत, मग उन्हात. थर्मामीटरने २१ दाखवलं. इतक्या गरम बिअरमध्ये तेवढा गॅस धरून ठेवायला २८ पीएसआयच्या आसपास दाब लागतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि गॅस नळीतच सुटतो. त्यात नळी जेमतेम एक मीटर. तीन-सोळांश इंची नळी १२ पीएसआयला तीन मीटर तरी हवी. तिच्या घर्षणानेच दाब हळूहळू उतरतो. लांब नळी दुकानातून आणली होती.

आधी गॅसची जोडणी काढली. गरम केगमधला दाब रेग्युलेटरपेक्षा, म्हणजे सिलिंडरवरच्या दाब ठरवणाऱ्या झडपेपेक्षा, जास्त झाला की बिअर उलटी गॅसच्या नळीत शिरते. मग मोठ्या टबात १८ किलो बर्फ आणि भरपूर पाणी. नुसता बर्फ केगला नीट टेकत नाही, मधे हवा राहते. केग गळ्यापर्यंत बुडवला, नळीचं वेटोळंही आत. दर दहा मिनिटांनी पाणी ढवळायचं, केग मात्र हलवायचा नाही, कारण तळाची यीस्ट प्रवासात आधीच उठलेली. खरं तर दोन दिवस आधी गॅसच्या दाबाने बिअर दुसऱ्या स्वच्छ केगमध्ये ढकलून गाळ मागे ठेवायला हवा होता. नशीब, बिअर गव्हाची होती. गढूळपणा तिला शोभतो.

फेसापेक्षा मला धसका बसला तो गॅसच्या सिलिंडरचा. तो मागच्या सीटवर आडवा टाकून, काचा बंद करून आणलेला! आडव्या सिलिंडरमधून द्रव कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमध्ये जातो, आणि बंद गाडीत गळती झाली तर चालकच गुदमरायचा.

पावणेसातला बिअर ६ अंशांवर. गॅस पुन्हा १२ वर जोडला, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासले. पहिला अर्धा ग्लास फेसच, नळ अजून गरम होता. दुसऱ्या ग्लासावर दोन बोटं साय.

सिलिंडर परतताना उभा, पट्ट्याने बांधून गेला. काचा खाली.